न कळवता गेलेलं बरं

वृद्धाश्रमाची तपासणी होणार हे आधी कळलं की सगळ्यात पहिल्यांदा बदलतात त्या चादरी. कपाटातला नवा जोड बाहेर निघतो, फिनेलचा वास फाटकापर्यंत येतो, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दाढी होते आणि ऑफिसच्या टेबलावर रजिस्टरांचा गठ्ठा रचला जातो. साहेब येतात, गुलाबाचं फूल आणि चहा-बिस्किटं होतात, मग एक फेरी. "काय आजी, बरं आहे ना?" "बरं आहे हो." शेरेबुकात 'व्यवस्था समाधानकारक' असं लिहिलं जातं, खाली सही आणि शिक्का. यात खोटं काहीच नसतं. चादर खरोखर स्वच्छ असते आणि आजीही खरोखर 'बरं आहे' म्हणालेल्या असतात. फक्त काल रात्री दोन वाजता त्या घरात काय चाललं होतं, हे त्या शेऱ्यातून कळत नाही.

मोठ्या संस्थेला निदान विश्वस्त असतात, देणगीदार असतात, वार्षिक अहवाल छापावा लागतो. चार बाहेरच्या माणसांची ये-जा असते. या प्रकरणात बोलायचं आहे ते छोट्या घरांबद्दल. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर अशा शहरांच्या कडेच्या वसाहतींत ही घरं दिसतात. भाड्याचा बंगला किंवा शेजारशेजारची दोन रो-हाउसं. दहा-पंधरा रहिवासी, खाली अंथरुणावरचे, वर चालते-फिरते. एक स्वयंपाकीण, दिवसा दोन-तीन मावश्या, रात्री एक. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. आणि सगळा डोलारा सांभाळणाऱ्या मालकीणबाई, बऱ्याचदा पूर्वी कुठल्यातरी हॉस्पिटलात सिस्टर असलेल्या. पाटीवर कुठे 'वृद्धाश्रम', कुठे 'केअर सेंटर'. डिपॉझिट वेगळं, महिन्याचे पैसे वेगळे, डायपर आणि औषधं त्याहून वेगळी.

अशा घराची तपासणी कोण करतं? कायद्याकडे पाहिलं तर उत्तर विरळ आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा 2007 चा कायदा राज्य सरकारला सांगतो की, प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभा करा. खाजगी बंगल्यात चालणाऱ्या घराने नोंदणी केलीच पाहिजे आणि अमुक महिन्यांनी कुणीतरी येऊन ते पाहिलंच पाहिजे, अशी तरतूद त्यात नाही. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. पण हिशेब तपासणारा माणूस टाच उचलून बेडसोर बघत नाही. 2019 साली लोकसभेत याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं. त्यात ज्येष्ठांच्या घरांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी होत्या. ते मंजूर झालं नाही.

मुलांच्या घरांचं तसं नाही. बालन्याय कायदा, 2015, कलम 54: प्रत्येक जिल्ह्यात तपासणी समिती, निदान तीन सदस्य, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि दर तीन महिन्यांनी निदान एक भेट. बारा मुलांच्या बालगृहाला तिमाही तपासणीचं बंधन आणि बारा आजी-आजोबांच्या घराला तसं बंधन नाही, हे आपल्याकडचं चित्र.

पण कायद्यात तपासणी लिहिली म्हणून ती होतेच असंही समजू नका. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाला हाच कायदा लागू होता. तिथल्या मुलींवर काय अत्याचार चालले होते ते बाहेर आलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटामुळे. राज्य सरकारनेच या गटाला राज्यातल्या 110 निवासी संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितलं होतं. 2018 च्या एप्रिलमध्ये अहवाल गेला, मे महिन्याच्या शेवटी गुन्हा नोंदला गेला. 2020 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला आजन्म कारावास दिला. दोषी ठरलेल्यांत त्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे माजी अध्यक्ष होते, बालसंरक्षण अधिकारी होते. म्हणजे ज्यांनी आत जाऊन पाहायचं तेच आरोपीच्या पिंजऱ्यात. बाहेरून आलेल्या, कुणाशी लागाबांधा नसलेल्या माणसांनी मुलींना बोलतं केलं तेव्हा गोष्ट फुटली.

तपासणीचं शास्त्र म्हणण्याइतका विचार ज्या देशांनी केला त्यांत इंग्लंड पुढे आहे; चुकाही त्यांनी भरपूर केल्या. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समधली 173 वृद्धनिवासं हिंडून पाहिली आणि 1962 साली 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक लिहिलं. जुन्या वर्कहाउसांच्या, म्हणजे गरिबांच्या श्रमगृहांच्या, इमारतींत ओळीने मांडलेल्या खाटा, दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं, स्वतःचं म्हणावं असं एक कपाटही नाही. त्यानंतर कायदे आले, मंडळं आली आणि बदलली. 2009 च्या एप्रिलपासून हे काम केअर क्वालिटी कमिशनकडे आहे. या कमिशनचे निरीक्षक घर पाहताना पाच गोष्टी विचारतात. इथे माणूस सुरक्षित आहे का? दिलेल्या काळजीचा उपयोग होतो का? वागणूक मायेची आहे का? प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे व्यवस्था बदलते का? आणि कारभार नीट चालतो का? त्यावरून चारांपैकी एक शेरा मिळतो: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं. अहवाल कुणालाही वाचता येतो आणि 2015 पासून तो शेरा घराच्या दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. निरीक्षकाबरोबर पुष्कळदा एक साधा माणूस असतो, ज्याने स्वतः अशी सेवा घेतली आहे किंवा घरातल्या कुणासाठी ती शोधली आहे. मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. पगारी निरीक्षकाला जो वास सवयीने येईनासा होतो, तो या माणसाला येतो.

कमिशनच्या प्रौढसेवा विभागाच्या पहिल्या मुख्य निरीक्षक अँड्रिया सटक्लिफ यांनी एक सोपी कसोटी रूढ केली होती: माझ्या आईला मी इथे ठेवीन का? ऐकायला पटकन पटणारी. आपल्याकडे ती निम्मीच चालते. तपासणाऱ्याने ती स्वतःला लावावी हे ठीक, पण प्रत्यक्ष आईला विचारलं तर ती 'बरं चाललंय, तू काळजी करू नकोस' असंच म्हणणार. मुलाचा जीव कशाला खाली-वर करा, हे एक कारण. दुसरं कारण अधिक खरं आहे: तक्रार मुलाकडे दुपारी होते आणि तिचा हिशेब रात्री चुकता होतो, जेव्हा मुलगा नसतो आणि मावशी असते. परावलंबी माणसाच्या समाधानाच्या शब्दाला म्हणूनच पुरावा धरू नये.

इंग्लंडमध्येही शब्द आणि कागद यांवर विसंबल्याने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं 24 खाटांचं खाजगी रुग्णालय होतं, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण-प्रौढांसाठी. तिथल्या एका ज्येष्ठ नर्सने आत चाललेल्या मारहाणीबद्दल कमिशनला कळवलं होतं. त्याची दखल घेतली गेली नाही. 2011 च्या मे महिन्यात बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि देश हादरला. 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांतले सहा तुरुंगात गेले. पुढे 2024 साली डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी खुद्द कमिशनचीच तपासणी केली. त्यांच्या अंतरिम अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे. वृद्धनिवास तपासणारा एक निरीक्षक असा होता की त्याची डिमेन्शिया झालेल्या माणसाशी कधी भेटच झालेली नव्हती!

तरी त्याच देशातली एक पद्धत आपण उचलावी अशी आहे. ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड हे मानसशास्त्रज्ञ डिमेन्शियावर काम करत. त्यांचं म्हणणं होतं की मेंदूचा आजार माणसाला जेवढा खच्ची करतो, तेवढंच आजूबाजूच्यांचं वागणंही करतं. त्यांनी अशा वागण्यांची यादीच केली: लहान मुलासारखं बोलणं, समोर असून नसल्यासारखं धरणं, झेपणार नाही इतक्या वेगाने उरकणं, वस्तूसारखं उचलून ठेवणं. यातलं काहीच मारहाण नव्हे. करणारा वाईट असतो असंही नाही. या विचारातून निरीक्षणाची एक रीत तयार झाली आणि कमिशनचे निरीक्षक तिची छोटी आवृत्ती वापरतात. निरीक्षक बैठकीच्या खोलीत एका कडेला बसतो. ज्यांना स्वतःचं सांगता येत नाही अशी चार-पाच माणसं निवडतो. दर पाच मिनिटांनी टिपतो: हिचा चेहरा कसा आहे, ती कशात गुंतली आहे का, या पाच मिनिटांत तिच्याशी कोण काय बोललं आणि कसं बोललं. बस्स. कुणाला प्रश्न नाही, रजिस्टर नाही.

दुपारची जेवणाची वेळ यासाठी उत्तम. समजा साडेबारा वाजले आहेत. मधल्या खोलीत पाच जणांना भरवायचं आहे आणि मावशी एक. वरण-भात कालवून एकाच वाडग्यात घेतलेला, चमचाही एकच. "आ करा आजी, आ करा," म्हणताना तिची नजर टीव्हीवरच्या मालिकेकडे. पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठांशी. आजी हात पुढे करतात, बहुतेक चटणीकडे, आणि हात हळूच बाजूला सारला जातो. शेजारच्या आजोबांना ठसका लागतो. पाणी दिलं जातं, पण मान मागे कललेली असतानाच. पंधरा मिनिटांत पाच वाडगे रिकामे. चार्टवर पाचही नावांपुढे 'पूर्ण जेवण'. हेच दुसऱ्या घरात असं दिसतं: मावशी स्टूल ओढून आजींच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते, "सुमनताई, आज मेथी आहे," म्हणते, चमचा त्यांच्याच हातात देते आणि त्या हाताखाली स्वतःचा हात धरते. घास गिळला की नाही हे गळ्याकडे पाहून ठरवते. अर्धं ताट राहिलं तर 'अर्धं' असं लिहिते.

पहिल्या मावशीला रागावून काही होणार नाही. इथे निरीक्षकाने कागद-पेन्सिल काढून साधा गुणाकार करावा. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला नीट भरवायला 20-25 मिनिटं लागतात. पाच माणसं म्हणजे दोन तास. तिच्याकडे एकच तास आहे, कारण दीड वाजता डायपर बदलायचे आहेत. हे गणित जिथे जमत नाही तिथे माया असूनही काळजी होत नाही.

रात्रीचं गणित आणखी कठीण. स्वतःहून कूस न बदलणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं. नाहीतर माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी कातडीखालचं रक्त अडून राहतं आणि जखम सुरू होते. सहा जण अंथरुणावर असतील तर रात्री आठ ते सकाळी सहा या वेळात तीस वेळा वळवणं आलं. एकेकाला डायपर पाहण्यासकट दहा मिनिटं धरा: पाच तास. जड शरीराच्या माणसाला न घासता वळवायला दोघं लागतात. रात्रपाळीला एकच मावशी आहे, ती सकाळपासून त्याच घरात आहे आणि रजिस्टरमध्ये मात्र दहा, बारा, दोन, चार, सहा अशा वेळांपुढे बरोबर खुणा आहेत. असं रजिस्टर दिसलं की बाकी काही वाचायची गरज नाही. खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने, सरळ रेषेत उतरलेल्या असतात. वाईट नोंदीपेक्षा सुंदर नोंदीची भीती जास्त बाळगावी.

पडण्याचं रजिस्टरही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 65 च्या पुढच्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश वर्षातून एकदा तरी पडतात. बारा रहिवाशांच्या घरात वर्षभरात एकही नोंद नसेल तर कुणी पडलं नाही असा अर्थ काढू नये. चांगल्या घरात दोन-चार नोंदी सापडतात आणि प्रत्येकीपुढे काय बदललं ते लिहिलेलं असतं: रात्री संडासाचा दिवा चालू ठेवला, चप्पल बदलली, झोपेची गोळी डॉक्टरांना सांगून बंद केली. कोरी तक्रारवही हा गुण नव्हे. मालकीणबाई "आमच्याकडे तक्रारच नसते" असं अभिमानाने सांगतात तेव्हा निरीक्षकाने कान टवकारावेत.

शरीर मात्र सहसा खोटं बोलत नाही, त्यामुळे परवानगी घेऊन, आडोसा करून, ते पाहावं. मोजे काढून टाचा. लालसर ठिपका दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर बेडसोरची पहिली पायरी. नखं किती वाढली आहेत, कवळी तोंडात आहे की ड्रॉवरमध्ये, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, ऐकायच्या यंत्रात सेल आहे का. तीन महिन्यांची वजनं मागायची. ठरवून नव्हे तर आपोआप महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं असेल तर ती धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या आजींचे अडीच किलो म्हणजे पाच टक्के. साडीत ते दिसत नाही.

आणि पाणी. वय वाढतं तशी तहान बोथट होते, त्यामुळे पाणी मागून नव्हे, देऊन प्यायला लावावं लागतं. पेला हाताला पोचेल असा आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. काही घरांत संध्याकाळनंतर पाणी हळूच कमी केलं जातं, रात्री डायपर कमी बदलावे लागतात म्हणून. यात कुणाला क्रौर्य वाटत नाही, सोय वाटते. पण पाणी कमी झालं की लघवीचा संसर्ग होतो, म्हाताऱ्या माणसाला संसर्गातून भ्रम होतो, भ्रमात माणूस रात्रभर हाका मारतो, हाका थांबाव्यात म्हणून गोळी येते, गोळीने तो दिवसाही झोपतो, झोपून राहिला की टाच लाल होते. इंग्लंडमध्ये 2009 साली प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी सरकारला अहवाल दिला होता. डिमेन्शिया असलेल्या सुमारे 1,80,000 जणांना मनोविकारावरची शामक औषधं दिली जात होती आणि त्यांपायी वर्षाला अंदाजे 1,800 जादा मृत्यू होत होते. दुपारी चार वाजता घरातले सगळेच शांत झोपलेले दिसले तर 'किती शांत वातावरण' असं लिहून मोकळं होऊ नका. औषधांचा डबा उघडायला सांगा, कुणाला काय आणि कुणाच्या सहीने चालू आहे ते बघा. उद्याच्या गोळीपुढे आजच सही झालेली असते असंही सापडतं.

कुलपाचा प्रश्न इतका सरळ नाही. फाटकाला कुलूप नसेल तर विसराळू आजोबा रस्त्यावर जातील आणि असेल तर ते कैदेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 2014 साली नेमका हाच प्रश्न आला. त्यातली माणसं मोठ्या संस्थेत नव्हे, छोट्या घरांत राहत होती, चांगली राहत होती, कुणाची तक्रारही नव्हती. तरी सतत देखरेख आणि निघून जायची मोकळीक नाही, या दोन गोष्टी असतील तर ते स्वातंत्र्य काढून घेणंच आहे, असा निकाल झाला. पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच, असं न्यायाधीश लेडी हेल यांनी लिहिलं. कुलूप लावूच नये, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते का लावलं, कुणी ठरवलं आणि बाहेरचं कुणी ते अधूनमधून पाहतं का, एवढं विचारलं जावं असा रोख. आपल्याकडच्या घरांत फाटक तर सोडाच, नळी ओढू नये म्हणून ओढणीने हात खाटेच्या कठड्याला बांधलेले आढळतात. "डॉक्टरांनीच सांगितलंय" असं उत्तर मिळतं. लेखी विचारा. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीत झोपडीवजा आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. बांधलेला माणूस आणि कुलूप लावलेलं दार दिसलं की किल्ली रात्री कुणाकडे असते, हा एक प्रश्न तरी विचारायलाच हवा.

हे सगळं वाचून छोटी घरं वाईट असं कुणी ठरवू नये. उलट इंग्लंडच्या कमिशनने 2017 साली पहिल्या फेरीतले सगळे शेरे मांडले, तेव्हा लहान घरांना मोठ्यांपेक्षा चांगले शेरे मिळालेले दिसले. कारणही उघड आहे. दहा माणसांत कुणाला साखर कमी लागते, कुणाला रेडिओ ऐकल्याशिवाय झोप येत नाही हे डोक्यात राहतं. शंभरांत ते फायलीत जातं. पण जे गुण तेच दोष. छोटं घर एका बाईच्या जिवावर चालतं. ती आठवडाभर आजारी पडली किंवा स्वयंपाकीण न सांगता गावी गेली की सगळं कोसळतं. म्हणून 'तुम्ही नसता तेव्हा कोण?' हा प्रश्न विचारून मालकीणबाईंच्या गैरहजेरीत एकदा जाऊन यावं.

तपासणाऱ्यांचा आणखी एक उत्साह आवरायला हवा. फरश्या, रंग, स्टीलचं स्वयंपाकघर, सीसीटीव्ही: मोजायला सोपं म्हणून सगळा भर तिकडे जातो. पडवीत बसून कोथिंबीर निवडणाऱ्या आजी आणि अंगणात थोडा पसारा, हे मला चकचकीत हॉलमधल्या ओळीने मांडलेल्या रिक्लायनरांपेक्षा बरं वाटतं. अंघोळीच्या पाण्याचं तापमान मात्र मोजाच; इंग्लंडमध्ये परावलंबी माणसासाठी ते 44 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे बादलीत गीझरचं पाणी आधी पडतं, गार पाणी नंतर, आणि ज्याला 'पोळलं' म्हणता येत नाही त्याच्या पाठीवर ते कळतं.

शेवटची खोली मावश्यांची. ही बहुतेकांच्या यादीत नसते. मराठवाड्यातून, विदर्भातून, आदिवासी पाड्यांवरून आलेल्या या बायका-मुली ब्युरोमार्फत लागतात आणि चोवीस तास त्याच घरात राहतात. त्या झोपतात कुठे? खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून झोपत असतील, तर ती झोप नव्हे. सुट्टी केव्हा मिळते, पगार थेट हातात येतो का, आजींना वळवायचं कसं हे कुणी शिकवलं का? तिच्याशी बोलायचं ते मालकीणबाईंच्या समोर नव्हे, भांडी घासतानाच्या जागी, आणि प्रश्न आजींबद्दल विचारायचे. "यांना कशाने बरं वाटतं?" याचं उत्तर तिने चटकन दिलं, "संध्याकाळी देवाजवळ दिवा लावू दिला की," असं काहीतरी, तर त्या घरात निदान एक माणूस या माणसाला ओळखतो. "कुणाला, सात नंबरला?" असा प्रतिप्रश्न आला तर तेही उत्तरच आहे.

नवा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर महाराष्ट्रातल्या छोट्या वृद्धाश्रमाचा खरा निरीक्षक म्हणजे तिथे आपलं माणूस ठेवणारी मुलगी, सून, भाचा. परदेशातून महिन्याला पैसे पाठवणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर भागवू नये. कॉलच्या आधी केस विंचरलेले असतात. गावातल्या कुणाला तरी, शेजारी, जुनी मैत्रीण, कुणीही, अवेळी जायला सांगा. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा रात्री नऊनंतर. तास-दोन तास नुसतं बसायला सांगा. शेजारच्या खाटेवर ज्याला कुणी भेटायला येत नाही त्याच्याही टाचा पाहायला सांगा. काही वावगं दिसलं आणि घरवाले ऐकेनात तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे, जिल्ह्याचा समाजकल्याण विभाग आहे, पोलीस ठाणं आहे. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. आणि प्रवेश घ्यायच्या आधी फलक वाचा. 'भेटीची वेळ फक्त रविवारी 11 ते 1, येण्यापूर्वी फोन करणे आवश्यक' असं जिथे लिहिलेलं असेल, तिथे डिपॉझिट भरू नका.